ऑनलाइन लिलावात राणीछाप, शिवराई, 1939 चा रुपया: बोलीआधी आणि पार्सल आल्यावर नेमकं काय तपासायचं?

वासोटा_22

नमस्कार मंडळी. ऑनलाइन लिलावातून पहिल्यांदाच नाणी घेणार आहे. एकूण बजेट 25,000 रुपये, कमिशन-टपाल सगळं धरून. वेगवेगळ्या साइटवरचे चार लॉट बाजूला काढून ठेवलेत:

1. व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा चांदीचा रुपया (राणीछाप). सुरुवात 1,500. वर्णनात 'दुर्मीळ ठिपका' लिहिलंय.
2. शिवराई (शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं), 'राज्याभिषेक 1674, शंभर टक्के अस्सल'. सुरुवात 6,000.
3. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया, सीलबंद प्लॅस्टिक पेटीत. पेटीवरच्या कंपनीचं नाव कुठे ऐकलेलं नाही. सुरुवात 18,000.
4. शिवरायांचा सोन्याचा होन. सुरुवात 22,000. विक्रेत्याने मेसेज टाकलाय की व्हॉट्सअ‍ॅपवर या, लिलाव बंद करून तुम्हालाच देतो.

दुकानात नाणं हातात घेऊन वाजवून बघता येतं. इथे फक्त फोटो. बोलीआधी काय मागायचं, पैसे कसे द्यायचे, आणि नाणं आल्यावर घरच्या घरी काय तपासायचं, हे क्रमाने कुणी सांगेल का? डिजिटल काटा (0.01 ग्रॅमचा) आणि 10 पटीचं भिंग आहे.

---

कलदार

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे नुकसान सर्वांत मोठं होईल. तो लॉट आजच यादीतून काढा.

शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचं छोटं सोन्याचं नाणं. अस्सल म्हणून मान्य झालेले नग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी आहेत, आणि ते अशा साइटवर 22,000 ला येत नाहीत. बनावट होन मात्र उदंड आहेत, आणि त्यातले पुष्कळसे खऱ्या सोन्याचे आहेत. म्हणून 'सोनाराकडे कस लावून बघितलाय' याला अर्थ नाही. कसोटी सोन्याबद्दल सांगते, ठसा कधीचा ते सांगत नाही. त्यात हा माणूस साइट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावतोय. साइटबाहेर पाऊल टाकलं की साइटचं संरक्षण, परतीचा हक्क, बोलीची नोंद, सगळं संपतं. समोर चांदीचा साधा रुपया असता तरी हेच सांगितलं असतं.

तिसरा लॉट, 1939. सहाव्या जॉर्जचे 91.7 टक्के चांदीचे रुपये 1938 आणि 1939 असे दोनच सनांचे. 1938 चा मुबलक मिळतो, 1939 चा दुर्मीळ. त्यामुळे 1938 मधल्या 8 चं खालचं वाटोळं डावीकडून खरवडून 9 करायचा उद्योग चालतो. नाणं मूळचं अस्सल असल्यामुळे वजन 11.66 ग्रॅम बरोबर, चांदी बरोबर, आवाज खणखणीत, सगळं पास होतं. चूक फक्त त्या एका आकड्यात असते. म्हणून सनाचा असा फोटो मागा की चार आकडे पडदाभर दिसतील, आणि प्रकाश एका बाजूने तिरपा पडलेला असेल. तिरप्या प्रकाशात 9 च्या शेजारची पार्श्वभूमी बघा. बाकीच्या तीन आकड्यांभोवती टांकसाळीची एकसारखी चमक आणि 9 च्या डाव्या कुशीत बारीक रेघा किंवा किंचित खळगा, असं दिसलं तर विषय संपला. मग एखाद्या मोठ्या लिलावात विकल्या गेलेल्या खऱ्या 1939 चा फोटो शेजारी ठेवा आणि 9 च्या शेपटीचं वळण जुळतं का ते पाहा. 8 मधून कोरलेल्या 9 चं वळण सहसा बसत नाही.

दुसरा प्रकार पूर्ण ओतीव नकलांचा. तिथे कड बघायची. 1939 पर्यंतच्या रुपयाला साधे उभे दाते असतात. 1940 पासून 50 टक्के चांदीचे रुपये आले, त्यांच्या दात्यांच्या मधोमध खाच असलेली सुरक्षा-कड आहे. तेव्हा '1939' म्हणून दाखवलेल्या नाण्याच्या कडेला मधोमध खाच दिसली तर ते नंतरच्या सनाचं आहे. ओतीव नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते, आणि ती घासून काढल्यामुळे तेवढ्या जागी दाते बोथट होतात. कडेचे फोटो तीन मागा, नाणं थोडं थोडं फिरवून. एकाच फोटोत नेमकी चांगली बाजू दाखवली जाते.

आता ती पेटी. नाणी तपासून, प्रत ठरवून सीलबंद करणाऱ्या कंपन्यांपैकी जगभर चालणारी नावं दोन, एनजीसी आणि पीसीजीएस. अनोळखी नावाच्या पेटीची किंमत पेटीच्या प्लॅस्टिकएवढीच धरा. आतलं नाणं सुटं आहे असं समजूनच पारखा, फक्त वजन करता येत नाही आणि कड दिसत नाही एवढी अडचण जास्त. एनजीसीची पेटी असली तरी नंबर त्यांच्या साइटवर टाकायचा आणि तिथेच थांबायचं नाही. बनावट पेट्यांवर खऱ्या नाण्याचा खरा नंबर छापलेला असतो, म्हणून नंबर 'सापडतो'च. साइटवर त्या नंबरचा फोटो असेल तर नाण्यावरचे डाग, ओरखडे, कडेची टोच एकेक जुळवा. एक ठळक डाग जुळत नसेल तर पेटी खोटी किंवा नाणं बदललेलं.

18,000 म्हणजे तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा. पहिल्याच खरेदीत तो एका संशयित आकड्यावर लावू नका.

---

ठसा_तपासा

कलदार यांनी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचं सांगितलं. शिवराईला उलटा नियम लागतो आणि तो नीट समजून घ्या, फार उपयोगी आहे.

कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेले, रुपये एकमेकांसारखे असायला हवेत, वेगळेपण दिसलं की संशय घ्यायचा. शिवराई हाताने, घणाने पाडलेली. प्रत्येक वेळी तांब्याची चकती ठशाखाली वेगळी बसली, घाव वेगळा पडला, कड वेगळी चिरली. म्हणजे दोन शिवराया अगदी एकसारख्या निघाल्या, 'श्री' तेवढाच कापला गेलाय, चीर त्याच जागी आहे, पोचा त्याच जागी आहे, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतल्या आहेत. हे पडताळायला पैसे लागत नाहीत. त्या विक्रेत्याचे विकून झालेले जुने लॉट उघडा, शिवराईचे सगळे फोटो डाउनलोड करा आणि शेजारी शेजारी ठेवा. फोटो दुसरीकडून उचललाय का हे गूगल लेन्समध्ये टाकून बघा. झीनो या साइटवर पौर्वात्य नाण्यांचा मोठा फोटोसंग्रह आहे, त्यात बनावट नाण्यांचा वेगळा विभागही आहे, तिथेही नजर टाका.

तुमच्या दुसऱ्या लॉटच्या वर्णनातच दोष आहे. शिवराईवर सन नसतो. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांची माळ. हाच मजकूर महाराजांच्या नंतर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत तांब्यावर पडत राहिला. 'शिव' चं 'सिव', 'सीव' झालं, अक्षरं जाड-ओबडधोबड झाली, वजन उतरत गेलं. मधे दोन आडव्या दांड्या असलेली दुदांडी शिवराई तर सरळसरळ उत्तरकाळातली. बाजारात फिरणाऱ्या शिवरायांतल्या बहुतेक या नंतरच्याच आहेत आणि त्या काही शे रुपयांत मिळतात. म्हणून 'राज्याभिषेक 1674' हा शिक्का विक्रेत्याने लावलेला आहे, नाण्याने नव्हे.

सुरुवातीच्या काळातली म्हणून कुणी जास्त भाव मागत असेल तर तीन गोष्टी विचारा. वजन किती (चांगल्या जुन्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅमच्या असतात, उत्तरकाळातल्या सहसा त्याहून हलक्या), अक्षरवळण कोणतं, आणि माहेश्वरी-विगिन्स यांच्या मराठा नाण्यांच्या ग्रंथातला कोणता प्रकार. 1989 साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलेला हा ग्रंथ आजही या विषयात आधार मानला जातो. विक्रेत्याला प्रकार-क्रमांक सांगता येत नसेल तर साध्या शिवराईचाच भाव द्या.

भिंगातून तांबं बघताना एवढं लक्षात ठेवा. घणाने पाडलेल्या नाण्यात धातू अक्षराच्या कडेकडे ओढला गेलेला असतो, अक्षराची भिंत उभी आणि धारदार असते, झीज झाली तरी ती वरून खाली होते. ओतीव नाण्यात अक्षर पार्श्वभूमीत विरघळल्यासारखं दिसतं, वापरून गोल झालेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं, विशेषतः अक्षरांच्या कोपऱ्यांत. जमिनीत राहून खाल्लेल्या तांब्यालाही खड्डे पडतात, पण ते वेडेवाकडे असतात, गोल नसतात. हिरवा थर एकसारखा, रंग दिल्यासारखा असेल आणि ओल्या कापसाला रंग लागत असेल तर तो रसायनाने आणलेला.

जाता जाता आणखी एक. मराठा चांदीचे रुपये, उदाहरणार्थ अंकुशी (अंकुशाची खूण असलेला), यांवर फारसी मजकूर आणि मुघल बादशहाचं नाव असतं. विक्रेते 'मुघल रुपया' लिहून मोकळे होतात किंवा फसली सन (महसुलासाठी वापरलं जाणारं जुनं वर्ष) हिजरी समजून चुकीचं वर्ष देतात. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो. 1240 फसली म्हणजे 1830-31. हिजरी धरलं तर 1824-25 येईल, आणि वर्णनातलं सगळं त्या हिशेबाने घसरत जातं. इथे मात्र विक्रेत्याच्या अज्ञानाचा तुम्हाला फायदाही होऊ शकतो. चुकीच्या नावाखाली पडलेला चांगला अंकुशी रुपया कमी बोलीत सुटतो.

---

लिलाव_वही

पैशाचं मी सांगते.

बजेट 25,000 म्हणजे बोली 25,000 नव्हे. हातोडा ज्या किमतीला पडतो त्यावर खरेदीदाराचं कमिशन, त्यावर कर, काही ठिकाणी नाण्यावरही कर, मग पॅकिंग, विमा, टपाल. प्रत्येक लिलावाच्या अटी वेगळ्या, म्हणून अटींचं पान उघडून टक्के स्वतः वहीत लिहून घ्या. समजा सगळं मिळून 22 टक्के होतं आणि टपाल 400. तर हिशेब उलटा करायचा: 25,000 वजा 400 म्हणजे 24,600, भागिले 1.22, म्हणजे 20,163. तुमची एकूण बोलीची मर्यादा 20,000. लॉट दोन असतील तर हीच रक्कम दोघांत वाटायची. तुमचा 18,000 चा लॉट सुरुवातीच्या बोलीवरच सुटला तरी 21,960 अधिक टपाल पडेल हे आधी डोळ्यांसमोर आणा.

मर्यादा ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, झालेले भाव बघा. मोठ्या लिलावगृहांची जुनी निकालपत्रं त्यांच्याच साइटवर असतात. त्याच सनाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच प्रतीचं नाणं निदान तीन वेळा कितीला गेलं ते काढा आणि मधला आकडा धरा. सर्वांत वरचा आकडा दोन हट्टी गिऱ्हाइकांच्या चढाओढीचा असू शकतो.

बहुतेक साइटवर 'कमाल बोली' टाकता येते. तुम्ही 3,000 टाकलेत आणि दुसऱ्याची 2,200 असेल तर यंत्रणा तुमच्या वतीने फक्त एक पायरी वर जाते. ही सोय चांगली, पण विक्रेत्याचाच कुणी समोरून बोली चढवत असेल तर तो तुमच्या कमाल आकड्यापर्यंत तुम्हाला नेऊन सोडतो. बोलींची यादी उघडा. एकच खातं याच विक्रेत्याच्या लॉटवर पुन्हा पुन्हा बोलतंय, कधी जिंकत नाही, किंवा वर नेऊन बोली मागे घेतंय, असं दिसलं तर तो विक्रेता सोडा. शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकायची असेल तर साइट मुदतवाढ देते का बघा. वाढत असेल तर शेवटच्या क्षणाला अर्थ नाही, मर्यादा टाकून बाजूला व्हा.

विक्रेत्याचे गुण बघताना नुसते टक्के वाचू नका. 50-100 रुपयांच्या दोनशे नाण्यांवर मिळवलेली पसंती आणि अचानक 20,000 चा लॉट, ही फसवणुकीची जुनी वाट आहे. वाईट शेरे उघडून वाचा. 'उशीर झाला' आणि 'दाखवलं एक, पाठवलं दुसरं' यांत फार फरक आहे.

पैसे देताना: साइटच्या स्वतःच्या चेकआउटमधून, किंवा लिलावगृहाच्या नावाच्या चालू खात्यात, इनव्हॉइस आल्यावर. खातं व्यक्तीच्या नावाचं आणि इनव्हॉइस फर्मचं असेल तर थांबा. क्रेडिट कार्ड चालत असेल तर तेच वापरा, तक्रार झाली तर बँकेकडून रक्कम उलटवायला मागता येते. यूपीआयने गेलेले पैसे परत आणणं फार कठीण. ईबेवरून घेत असाल तर त्यांची हमी नाणं पोचल्यापासून 30 दिवस आहे, पण व्यवहार त्यांच्याच चेकआउटमधून झाला असेल तरच.

नोंदणीला पॅन आणि ओळखपत्र मागतात, ते रीतीला धरून आहे. आधार द्यायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या आणि प्रतीवर 'फक्त अमुक लिलाव नोंदणीसाठी' आणि तारीख लिहा.

आणि 'जिंकलात पण आधी प्रोसेसिंग फी भरा, रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा' असं कुणी म्हटलं तर बोलणं तिथेच तोडा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदन काढलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाला शुल्क वसूल करायचा अधिकार दिलेला नाही. 2012 च्या वैष्णोदेवीच्या 5-10 रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणून फिरणाऱ्या जाहिराती याच जातीच्या. पैसे येण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत 1930 वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. वस्तूच्या दर्जाबद्दलची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

---

वासोटा_22

फार फार आभार. 3 आणि 4 सोडले. शिवराईसाठी वजन आणि प्रकार विचारला, उत्तर 'अस्सल आहे, गॅरंटी' एवढंच आलं, म्हणून 2 पण सोडला. राहिला 1862. 'दुर्मीळ ठिपका' म्हणजे काय? आणि एक वेगळं: भाऊ टोरांटोला असतो, त्यालाही राणीछाप हवे आहेत. इथून घेऊन त्याला पाठवता येतील का?

---

कलदार

भावाला पाठवू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ना टपालाने ना बॅगेतून. भारतीय लिलावांच्या अटींतही हे लिहिलेलं असतं. भावाने इथल्या लिलावात घेतलं तर ते इथेच, तुमच्याकडे राहील. त्याला कॅनडात ठेवायचं असेल तर त्याने तिकडच्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. शंभरीच्या आतल्या नाण्याबद्दल कस्टमला शंका आली तर पुरातत्त्व खात्याचं 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, तेव्हा तेही सहज जातं असं समजू नका.

याच अनुषंगाने: वर्णनात 'शेतात सापडलेली हंडी', 'वाडा पाडताना मिळालेलं' असं असेल तर भाव कितीही चांगला असो, हात लावू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. न कळवता विकलेलं धन तुमच्या घरातून जप्त होऊ शकतं.

आता ठिपका. 1862 चा सन टांकसाळींनी पुढची बारा वर्षं तसाच गोठवून ठेवला. 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही 1862 च आहे. मुंबईच्या टांकसाळीने वर्ष ओळखता यावं म्हणून मागच्या बाजूला सनाच्या आसपास बारीक ठिपके घातले. त्यामुळे या एका सनाचे ढीगभर प्रकार झाले. काही खरंच कमी आहेत, बरेचसे मुबलक. 'दुर्मीळ ठिपका' एवढ्यावर काही ठरत नाही. सनाच्या वर किती आणि खाली किती हे मोजता येईल असा फोटो मागा आणि कॅटलॉगमध्ये तो प्रकार शोधा. घाण, झीज किंवा मुद्दाम टोचलेली खूण ठिपक्यासारखी दिसते. खरा ठिपका गोल, उंचावलेला आणि शेजारच्या ठिपक्याच्या मापाचा असतो.

राणीछापात आणखी दोन गोष्टी भाव पाडतात आणि फोटोत लपतात. एक, कडी. हे रुपये हारात ओवले जायचे. घड्याळात 12 असतात त्या जागी, म्हणजे वरच्या टोकाला, कडेला कडी डाग देऊन (झाळून) जोडल्याची खूण, तिथे दाते बुजलेले, रंग थोडा वेगळा. म्हणून कडेचा फोटो. दोन, घासकाम. रिठा, चिंच, पितांबरीने उजळलेला रुपया फोटोत झगझगीत दिसतो, पण तिरप्या प्रकाशात राणीच्या गालावर एकाच दिशेच्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात. काळपट-करडा, अक्षरांच्या कोपऱ्यांत मळ असलेला रुपया त्यापेक्षा केव्हाही चांगला. आणि तुम्ही घेतल्यावर तुम्हीही तो उजळायचा नाही.

विक्रेत्याकडे मागायचे फोटो: दोन्ही बाजू सरळ, दोन्ही बाजू तिरप्या प्रकाशात, कड तीन ठिकाणी, आणि काट्यावर ठेवलेलं नाणं, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. हे आठ फोटो पाठवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घ्यायची गरज नाही, राणीछाप रुपया कुठेही मिळतो.

---

अंकुश_छाप

पार्सल आल्यानंतरचं.

पाठवणाऱ्याला आधीच सांगा, बऱ्याच खासगी कुरिअरच्या अटींत नाणी आणि मौल्यवान धातू नेण्यास मनाई आहे. तसं पार्सल हरवलं तर भरपाई शून्य. विमा उतरवलेलं स्पीड पोस्ट मागा, विम्याची रक्कम हातोडा किंमत नाही, तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम.

उघडताना एकसलग व्हिडिओ, मधे न कापता. क्रम: पत्त्याचं लेबल, सहाही बाजू आणि चिकटपट्ट्या, मग कापणं, मग नाणं पाकिटातून बाहेर, दोन्ही बाजू, कड, आणि कॅमेऱ्यासमोरच वजन. काटा आधी 100 ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तपासून घ्या. बॅटरी उतरली की हे काटे खुशाल 0.1 ने चुकतात.

1862 च्या रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. व्यास मोजायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर घ्या, लोखंडी जबड्याने कडेला ओरखडा पडतो. वापरलेल्या नाण्याचं वजन 11.4 ते 11.66 मध्ये असलं तर ठीक. 11.3 च्या खाली गेलं आणि झीज तेवढी दिसत नसेल तर गडबड. 11.75 च्या वर गेलं तरीही गडबड, झिजून नाणं जड होत नाही. चुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाहीच.

मग पाण्याची चाचणी. वजन आणि माप दोन्ही जुळवलेली नक्कलही इथे बहुधा पकडली जाते.

काचेच्या पेल्यात साधं, शक्यतो उकळून गार केलेलं पाणी, दोन-तृतीयांश. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणकामाचा बारीक दोरा एकदाच गुंडाळून, वरून धरून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू द्यायचं नाही, बाजूला लागू द्यायचं नाही. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे त्याचं विशिष्ट गुरुत्व.

91.7 टक्के चांदीला ते 10.3 च्या आसपास येतं. 11.66 च्या रुपयासाठी पाण्यातला आकडा 1.13. 1940 ते 45 च्या 50 टक्के चांदीला सुमारे 9.5, म्हणजे 1.22. तांबं-निकेलला 8.9, म्हणजे 1.31. तुमच्या 0.01 च्या काट्यावर हे तिन्ही आरामात वेगळे ओळखता येतात. होनासारख्या पावणेतीन ग्रॅमच्या नाण्याला मात्र हा काटा पुरत नाही. तिथे पाण्यातला आकडाच 0.15 च्या आसपास, एका शतांशाच्या चुकीने उत्तर कुठल्या कुठे जातं.

नाणं पुसायचं नाही. मऊ सुती कापडावर ठेवून वरून दुसरं कापड टेकवायचं, घासायचं नाही. ठेवायला मऊ पीव्हीसीच्या थैल्या नकोत, काही महिन्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरचं (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकचं) पाकीट घ्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लागतेच.

परत करायचं असेल तर मुदत पार्सल मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात, तुम्ही उघडल्याच्या दिवसापासून नाही. आणि चार-पाच नाण्यांचा एकत्र लॉट सहसा 'आहे तसा' विकतात, तो परत घेत नाहीत.

---

वासोटा_22

1862 चा रुपया 2,100 ला मिळाला. फोटो सगळे दिले होते, ठिपक्याचा प्रकार मुबलकच निघाला, पण मला हवा होता तसा करडा, न घासलेला आहे. कोरडं वजन 11.58. चुंबकाला लागत नाही. पाण्यात मात्र 1.22 आलं! म्हणजे 9.49. हा 50 टक्केवाला आहे का? परतीला अजून पाच दिवस आहेत.

---

अंकुश_छाप

घाई करू नका. 50 टक्के चांदीचा 1862 हे जवळजवळ अशक्य, नक्कल असेल तर धातू वेगळाच असेल. आधी चाचणीची चूक शोधा. दोन कारणं असतात. नाणं तळाला किंचित टेकलं तर त्याचं थोडं वजन तळावर येतं आणि आकडा वाढतो. दात्यांत किंवा राणीच्या केसांत बुडबुडे अडकले तर तेवढं पाणी जास्त सरतं, तेव्हाही वाढतो. म्हणजे दोन्ही चुका आकडा वरच नेतात.

पेला उंच घ्या, नाणं पाण्याच्या मध्यावर राहील असं धरा. बुडवल्यावर दोरा हळूच दोन-तीनदा हलवा, बुडबुडे सुटलेले दिसतील. हात टेबलाला टेकवून स्थिर करा, किंवा पेल्यावरून आडवी पट्टी दोन पुस्तकांवर ठेवून दोरा तिला बांधा. पट्टी पेल्याला किंवा काट्याला शिवता कामा नये. तीनदा करा, दर वेळी काटा पुन्हा शून्यावर आणून.

---

वासोटा_22

पट्टीला बांधून केलं. पहिल्यांदा 1.14, मग हलवून बुडबुडे काढल्यावर 1.13, 1.12. मघाशी नाणं तळाला टेकत होतं, पेला उथळ होता.

---

अंकुश_छाप

11.58 भागिले 1.13 म्हणजे 10.25, भागिले 1.12 म्हणजे 10.34. चांदी बरोबर आहे. 0.08 ग्रॅमची घट ही फिरलेल्या नाण्याची नेहमीची झीज. आता दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून, भिंगाने कड एकदा पूर्ण फिरवून बघा, 12 आणि 6 च्या काट्यावर जास्त वेळ. दाते सगळीकडे सारखे असतील तर पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर सन, ठिपक्याचा प्रकार, 11.58 हे वजन, लॉट नंबर आणि तारीख लिहा. इनव्हॉइसची प्रत त्याच नंबरने वेगळी फाइल करा. पुढे हेच नाणं विकताना समोरचा तुमच्याकडे हीच सगळी माहिती मागेल.